संगणकाची दिनचर्या

आपल्या त्रैमासिकात संगणकाविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न काही ज्येष्ठ वैद्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. निदान, द्रव्यगुण, भैषज्यकल्पना, पंचकर्म हे आपले विषय. तथापि आज खेड्यातील लहान दवाखान्यातही टेबलावर संगणक असतो आणि औषधालयात तर साठा, देयके व कराचा हिशेब त्याच्यावरच चालतो. जी वस्तू रोज हाताळावयाची तिची निगा कशी राखावी, हे मात्र आपणांपैकी बहुतेकांना कोणी शिकविलेले नाही. खल-बत्ता कसा स्वच्छ ठेवावा हे बी.ए.एम.एस.च्या पहिल्या वर्षांत शिकलो. संगणक कसा सांभाळावा हे कोणी सांगितले नाही.

मी संगणकतज्ज्ञ नाही. छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाताना वाटेत लागणाऱ्या बिडकीन गावी दवाखाना चालविणारा एक सामान्य वैद्य आहे. पुढे जे लिहीत आहे ते एका चुकीतून शिकलेले आहे. त्या चुकीचा भोग एका रुग्णेला भोगावा लागला, म्हणून ती प्रथम सांगतो.

एक चुकलेली चिकित्सा

मी २००६ साली दवाखान्यात संगणक घेतला. रुग्णपत्रके मराठीत टंकित करण्याची हौस होती. त्या काळी प्रचलित असलेला एक मराठी टंक विकत घेतला आणि नऊ वर्षे नियमाने नोंदी केल्या. वडील, तेही वैद्य, शेवटपर्यंत शाईच्या लेखणीने लाल कापडी बांधणीच्या वहीत लिहीत राहिले. माझ्या संगणकाकडे पाहून ते हसत एवढेच; बोलत काही नसत.

२०१५ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी वीज गेली, आली, पुन्हा गेली आणि संगणक बंद पडला तो पडलाच. दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी हार्ड डिस्क काढून तीमधील फाइली नव्या संगणकावर उतरवून दिल्या. मला हायसे वाटले. फाइल उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरांची व चिन्हांची अर्थहीन रास. जुना टंक नव्या यंत्रावर चालत नव्हता. नोंदी होत्या, पण त्या वाचता येत नव्हत्या. सवड मिळाली की पाहू, असे म्हणून मी तो विषय बाजूला ठेवला.

दुसऱ्या वर्षी शेजारच्या गावातील एक वृद्ध रुग्णा सांध्यांच्या वेदनेसाठी आल्या. अनेक वर्षांपूर्वी त्या माझ्याकडे येऊन गेल्या होत्या. दोषदूष्यांचा विचार करून मी भल्लातकयुक्त योग दिला. चौथ्या दिवशी त्या परत आल्या तेव्हा अंगावर लालसर चकंदळे, दाह, कंडू आणि ओठांना सूज होती. औषध तत्काळ थांबविले, तूप, खोबरे, तीळ आणि शीत उपचार यांनी आठ दिवसांत सर्व शमले. जाताना त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मला बिबा उततो. मागच्या टायमाला तुम्हीच सांगितलं होतं, पुन्हा घ्यायचा न्हाई म्हणून. लिहून ठेवलं नव्हतं का?"

लिहून ठेवले होते. पुढे त्या फाइली वाचनीय झाल्या तेव्हा त्यांच्या पत्रकात माझेच वाक्य सापडले. वडिलांच्या चाळीस वर्षांपूर्वीच्या वह्या आजही कपाटातून काढून वाचता येतात. माझी नऊ वर्षांची नोंद एका पावसात मुकी झाली. दोष संगणकाचा नव्हता. त्याचे पथ्य मी पाळले नव्हते, हा दोष माझा.

या अनुभवाचे सार दोन वाक्यांत सांगता येते. ज्याची एकच प्रत आहे ते आपल्याजवळ आहे असे समजू नये. आणि जी प्रत दुसऱ्या यंत्रावर वाचता येत नाही तिला प्रत म्हणू नये. पुढील सर्व सूचना या दोन वाक्यांचाच विस्तार आहे आणि त्यांतील जवळजवळ सर्व साधने विनामूल्य आहेत.

प्रतींचा धडा आपल्याच इतिहासात

आत्रेय पुनर्वसूंचे सहा शिष्य आपणां सर्वांना पाठ आहेत : अग्निवेश, भेल, जतूकर्ण, पराशर, हारीत व क्षारपाणि. प्रत्येकाने तंत्र रचले असे परंपरा सांगते. अग्निवेशाचे तंत्र चरक व दृढबल यांच्या संस्कारांनी आणि देशभर झालेल्या असंख्य हस्तलिखितांनी टिकले. भेलसंहिता मुख्यतः तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील एका खंडित पोथीच्या आधारे आपल्यापर्यंत पोहोचली. कलकत्ता विद्यापीठाने ती १९२१ साली छापली तेव्हाही अनेक ठिकाणी पाठ तुटलेलाच होता. जतूकर्ण, पराशर, क्षारपाणि यांची तंत्रे टीकाकारांच्या उद्धरणांपुरती उरली आहेत. ती तंत्रे कमी योग्यतेची होती असे कोण म्हणेल? त्यांच्या प्रती टिकल्या नाहीत, एवढे मात्र खरे. आपल्या दवाखान्यातील नोंदी संहितेच्या तोलाच्या नसतील, पण त्या रुग्णापुरत्या तेवढ्याच मोलाच्या आहेत.

तीन प्रती

संगणकाच्या व्यवहारात एक सोपा नियम रूढ आहे. महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी असावी.

पहिली प्रत संगणकात असतेच. दुसरी बाहेरून जोडावयाच्या हार्ड डिस्कवर ठेवावी. विंडोजमध्ये 'फाइल हिस्टरी' नावाची सोय अंगभूत आहे. ती एकदा सुरू केली की डिस्क जोडलेली असताना बदललेल्या फाइलींची प्रत आपोआप होते. अधिक नियंत्रण हवे असल्यास 'फ्रीफाइलसिंक' हे मोफत साधन चांगले आहे. ते दोन कप्प्यांची तुलना करून काय नवे, काय बदलले हे दाखविते व मग प्रत करते. मात्र प्रत झाल्यावर डिस्क काढून कपाटात ठेवावी. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने जगभर थैमान घातले तेव्हा संगणकाला सतत जोडून ठेवलेल्या प्रतीही कुलूपबंद झाल्याची उदाहरणे घडली. विजेच्या धक्क्यालाही जोडलेली डिस्क यंत्राइतकीच बळी पडते.

तिसरी प्रत गावाबाहेर ठेवावी. गूगलचे खाते असणाऱ्यास १५ जीबी जागा विनामूल्य मिळते. ती पुरेल का, अशी शंका येईल; म्हणून हिशेब मांडतो. युनिकोडमधील एका देवनागरी चिन्हाला सामान्यतः तीन बाइट लागतात. एक रुग्णपत्रक एक हजार चिन्हांचे धरले तर ते सुमारे ३ किलोबाइट होते. दहा हजार रुग्णांची पत्रके ३० मेगाबाइटच्या आसपास बसतात. आयुष्यभराच्या चिकित्सेचा मजकूर, छायाचित्रे वगळता, लहानात लहान पेन ड्राइव्हवर मावतो. जागेची सबब सांगता येत नाही.

बाहेर ठेवावयाची प्रत उघडी ठेवू नये. 'सेव्हन-झिप' हे १९९९ पासून उपलब्ध असलेले मोफत साधन अनेक फाइलींचे एक गाठोडे बांधते आणि त्याला सांकेतिक शब्दाचे भक्कम कुलूप लावते. रुग्णाचे नाव व व्याधी हे त्याने विश्वासाने आपल्याजवळ ठेवलेले गुपित आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला, पण वैद्याला ही मर्यादा कायद्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

महिन्यातून एकदा प्रतीमधील कोणतीही एक फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. मी अमावास्येचा दिवस ठरविला आहे. विसर पडत नाही.

अक्षर टिकविणे : युनिकोड

माझ्या फाइली मुक्या का झाल्या, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. पूर्वीच्या पद्धतीचे मराठी टंक संगणकाला एक प्रकारे फसवीत असत. संगणक आतमध्ये एखादे रोमन अक्षर साठवी आणि टंक त्याच्या जागी 'क'चे चित्र दाखवी. चित्र दाखविणारा टंक गेला की उरते ते रोमन अक्षर. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी, म्हणून एका टंकात लिहिलेले दुसऱ्यात वाचता येत नसे.

युनिकोडमध्ये 'क' या अक्षरालाच स्वतःचा क्रमांक आहे. जगातील बहुतेक लिप्यांना असे क्रमांक देणाऱ्या या संकेताची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडची सोय संगणकात येऊ लागली. आता संगणक, भ्रमणध्वनी व महाजाल सर्वत्र हाच संकेत चालतो. युनिकोडमध्ये लिहिलेले कोणत्याही टंकात वाचता येते, शोधता येते, अकारविल्हे लावता येते.

ज्यांच्याजवळ जुन्या टंकातील फाइली अद्याप आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे : जोवर तो टंक चालणारे एखादे यंत्र शिल्लक आहे तोवर त्या फाइली परिवर्तित करून घ्याव्यात. आपला टंक कोणता हे प्रथम शोधावे, कारण प्रत्येकाचे परिवर्तक वेगळे असते. अशी परिवर्तके महाजालावर विनामूल्य मिळतात. त्यांतील पुष्कळ एका पानाच्या स्वरूपात असून आपल्या संगणकावर उतरवून महाजालाची जोडणी बंद केल्यावरही चालतात. रुग्णांच्या नावांचा मजकूर अनोळखी संकेतस्थळावर चिकटविण्यापेक्षा हाच मार्ग निवडावा.

परिवर्तनानंतर शुद्धिकरण अटळ आहे. ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि 'ऱ्य'सारखी जोडाक्षरे यांत चुका राहतात. औषधाच्या नावातील चूक लक्षात येते. मात्रेच्या अंकातील चूक लक्षात येत नाही आणि तीच घातक ठरते. म्हणून अंक एकेक करून जुन्या छापील पत्रकाशी ताडून पाहावेत. आमच्या तालुक्याच्या गावी, पैठणला, संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, कारण नकलांच्या नकला होताना पाठ बिघडत गेले होते. नक्कल करणे आणि ती ताडून पाहणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत, हे त्या कार्याने चार शतकांपूर्वीच दाखविले आहे. मला माझ्या फाइलींसाठी एक संपूर्ण हिवाळा लागला. पत्नीने जुनी पत्रके वाचावीत व मी पडद्यावर तपासावे, असा क्रम होता.

मराठीत लिहिण्याच्या सोयी

विंडोज १० व ११ मध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन 'मराठी' जोडावी. वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. कळफलक दोन प्रकारचे मिळतात. 'इन्स्क्रिप्ट' हा भारतीय भाषांसाठीचा प्रमाण कळफलक आहे : डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. वर्णमालेच्या क्रमाशी त्याचा मेळ असल्याने पंधरा दिवसांच्या सरावाने तो बसतो आणि पुढे वेग चांगला येतो. ज्यांना रोमन उच्चाराने लिहिण्याची सवय आहे त्यांच्यासाठी 'फोनेटिक' कळफलक आहे. विंडोजची कळ व स्पेसची कळ एकत्र दाबली की भाषा बदलते.

बोटे दुखणाऱ्या ज्येष्ठांनी भ्रमणध्वनीवरील गूगलच्या कळफलकाचा ध्वनी-टंकलेखनाचा लाभ घ्यावा. मराठीसाठी ही सोय २०१७ पासून आहे. साधी वाक्ये तो चांगली लिहितो. द्रव्यांची व कल्पांची नावे मात्र अनेकदा चुकवितो, म्हणून वाचून मगच जतन करावे.

लेखनातील एक नियम स्वतःपुरता ठरवून घ्यावा. मी कधी 'गुग्गुळ' तर कधी 'गुग्गुलु', कधी 'त्रिफळा' तर कधी 'त्रिफला' लिहीत असे. शोध घेताना निम्मी पत्रके सापडत नसत. प्रत्येक द्रव्याचे एकच रूप निश्चित करून त्याची यादी भिंतीवर लावली, तेव्हापासून कंट्रोल व एफ या दोन कळांनी हवे ते क्षणात मिळते. ज्या द्रव्याने रुग्णास त्रास झाला त्याची नोंद पत्रकाच्या पहिल्याच ओळीत, 'वर्ज्य' या शब्दाने आरंभ करून लिहावी. एवढा एक शब्द शोधला की अशी सर्व पत्रके समोर येतात.

फाइलीला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा. उदाहरणार्थ '२०२४-०६-१५ साठा'. मग फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. 'नवी', 'अंतिम', 'खरी अंतिम' अशी नावे देण्याची सवय सोडावी.

नित्य उपयोगाची मोफत साधने

पत्रलेखन व तक्त्यांसाठी 'लिबरऑफिस' पूर्णतः विनामूल्य आहे. २०१० पासून ते स्वतंत्रपणे विकसित होत असून त्याच्या खिडक्या व आज्ञा मराठीतही मिळतात. विकतच्या संचाची चोरटी प्रत वापरण्यापेक्षा हे शतपटीने बरे. चोरट्या प्रतींबरोबर काय काय घरात शिरते याचा पत्ता लागत नाही.

संगणकाच्या नाडीपरीक्षेसाठी 'क्रिस्टलडिस्कइन्फो' वापरावे. हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते ती हे साधन वाचून दाखविते : ठीक, सावध किंवा वाईट. 'सावध' असा शेरा दिसला की त्याच दिवशी प्रत करावी आणि डिस्क बदलावी. अनेक डिस्का पूर्वरूपे दाखवितात. काही मात्र कोणतेही पूर्वरूप न दाखविता जातात, म्हणून या परीक्षेवर विसंबून प्रती करणे टाळू नये.

संगणकात जागा उरली नसेल तर 'विनडिरस्टॅट' कोणत्या फाइलींनी किती जागा व्यापली आहे हे रंगीत चौकटींनी दाखविते. बहुधा दोषी आढळतात ते व्हॉट्सअॅपवरून उतरविलेले चलच्चित्रांचे ढीग. 'एका क्लिकमध्ये संगणक दसपट वेगवान' अशी जाहिरात करणारी शोधनसाधने मात्र टाळावीत. रुग्णबल न पाहता दिलेल्या तीक्ष्ण विरेचनासारखी ती आवश्यक गोष्टीही बाहेर काढतात.

चुकून पुसलेल्या फाइलीसाठी 'फोटोरेक' आहे. फाइल पुसली गेल्याचे लक्षात येताच त्या डिस्कवर नवे काहीही लिहू नये. पुसलेली फाइल बहुधा लगेच नष्ट होत नाही, तिच्या जागेवर दुसरे लिहिले गेले की होते. मात्र एस.एस.डी. प्रकारच्या नव्या साठवणीत पुसलेले बहुधा परत मिळत नाही, हे ध्यानात असावे.

काही कळा नित्य लक्षात ठेवाव्यात. चुकल्यास कंट्रोल व झेड. रुग्ण समोर बसला असता उठून आत जावे लागले तर विंडोज व एल, म्हणजे पडद्याला कुलूप लागते आणि आधीच्या रुग्णाचे पत्रक पुढच्याच्या दृष्टीस पडत नाही. पडद्याच्या एखाद्या भागाचे चित्र हवे असल्यास विंडोज, शिफ्ट व एस.

निदानपरिवर्जन

विषाणूंच्या बाबतीत चिकित्सेपेक्षा हेतू टाळणे श्रेयस्कर. विंडोज १० व ११ मध्ये 'डिफेंडर' हा विषाणुरोधक अंगभूत आहे आणि सामान्य वापरास तो पुरेसा आहे. अधिक सुरक्षेच्या समजुतीने दोन विषाणुरोधक एकत्र ठेवू नयेत. दोघे एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. हा संगणकाचा विरुद्धाहारच. संगणकात काही शिरल्याची शंका आल्यास भारत सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'ची मोफत साधने वापरता येतात. हे केंद्र २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू झाले.

वॉनाक्रायने ज्या छिद्रातून प्रवेश केला ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याआधी दोन महिने, मार्च २०१७ मध्येच प्रसृत केली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती त्यांचे संगणक सापडले. संगणक अद्ययावत करण्याची सूचना आली की आपण 'नंतर' म्हणतो. ते म्हणू नये.

मोफत साधन नेहमी त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावे. शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारा दुवा पुष्कळदा जाहिरात असतो. स्थापना करताना प्रत्येक पान वाचावे आणि सोबत येणाऱ्या अनाहूत साधनांपुढील खूण काढून टाकावी. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती या नावाने 'एपीके' प्रकारची फाइल आली तर ती उघडू नये, पाठविणारा ओळखीचा असला तरीही. आपल्या संगणकाचा ताबा दूरवरून देणारे साधन कोणा अनोळखी 'सेवा प्रतिनिधी'च्या सांगण्यावरून कधीही बसवू नये. आर्थिक फसवणूक झालीच तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढे सरकण्याआधी गोठविण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

वीज, धूळ आणि जुने यंत्र

ग्रामीण भागात संगणकाचा पहिला शत्रू वीज. यू.पी.एस. ही चैन समजू नये. वीज गेल्यावर काम जतन करून यंत्र रीतसर बंद करण्यापुरती दहा मिनिटे तो देतो. अर्थिंग तपासून घ्यावे. वळवाच्या पावसात गडगडाट सुरू झाला की केवळ बटण बंद न करता प्लग काढावा आणि महाजालाची तारही काढावी, कारण धक्का त्या वाटेनेही येतो.

दुसरा शत्रू धूळ. औषधालयात चूर्ण दळण्याच्या यंत्राजवळ संगणक ठेवलेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. सूक्ष्म चूर्ण पंख्यावर व उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्यांवर बसते, यंत्र तापते आणि मंद होते. संगणक त्या खोलीतून हलवावा आणि चार महिन्यांनी एकदा, वीज तोडून, हवेच्या झोताने साफ करावा.

विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. आपल्यापैकी पुष्कळांची यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ती भंगारात टाकण्याची घाई करू नये. 'लिनक्स मिंट' ही मोफत कार्यप्रणाली पेन ड्राइव्हवर घेऊन, संगणकातील काहीही न बदलता, चालवून पाहता येते. सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही भारतीय प्रणालीही उपलब्ध आहे. लेखन, महाजाल, पत्रव्यवहार यांसाठी जुने यंत्र त्यावर सुखाने चालते. औषधालयाचे देयक-साधन मात्र लिनक्सवर चालते का, हे विक्रेत्यास विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

औषधालयचालकांसाठी

लहान औषधालयाला महागड्या साधनाची निकड नसते. लिबरऑफिसमधील 'कॅल्क' या तक्तापत्रकात औषधाचे नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, नग, खरेदीची तारीख व वापराची अंतिम तारीख असे सहा स्तंभ करावेत. मग 'सशर्त रूपांकन' या सोयीने, अंतिम तारीख आजपासून नव्वद दिवसांच्या आत आली की ती चौकट आपोआप लाल व्हावी, अशी अट घालावी. रोज सकाळी पत्रक उघडले की कोणती औषधे आधी द्यावयाची किंवा परत पाठवावयाची, हे दिसते. संख्या व तारखा इंग्रजी अंकांत लिहाव्यात. देवनागरी अंक डोळ्यांस गोड वाटले तरी तक्तापत्रक अनेकदा त्यांना संख्या मानीत नाही आणि बेरीज चुकते.

दर, कर व सवलत यांचे आकडे सूत्राच्या पोटात न लिहिता एका वेगळ्या चौकटीत ठेवावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयुर्वेदीय औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा ज्यांनी असे केले होते त्यांचे काम एक आकडा बदलून झाले. इतरांना शेकडो ओळी हाताने दुरुस्त कराव्या लागल्या.

शास्त्राभ्यासासाठी

हैदराबाद येथील राष्ट्रीय भारतीय वैद्यकीय वारसा संस्थेने चरकसंहिता, सुश्रुतसंहिता, माधवनिदान व निघंटू यांची संगणकीय रूपे विनामूल्य उपलब्ध केली आहेत. एखादे द्रव्य वा व्याधी संहितेत कोठे कोठे आली आहे, हे शब्द टाकताच समोर येते. ज्या संदर्भासाठी आपले गुरुजन रात्री जागवीत तो आता काही क्षणांत सापडतो. त्यावर चिंतन करण्यास मात्र तेवढाच वेळ द्यावा लागतो. व्याधींच्या प्रमाण संज्ञा व संकेतांक यांसाठी आयुष मंत्रालयाचे 'नमस्ते' संकेतस्थळ २०१७ पासून आहे. आपल्या नोंदींत त्या संज्ञा वापरल्या तर उद्या त्यांची तुलना इतर वैद्यांच्या नोंदींशी करता येईल.

समारोप

सर्व एकदम करण्याचा प्रयत्न केल्यास काहीच होणार नाही, हा अनुभव आहे. म्हणून दिनचर्येप्रमाणे क्रम लावून घ्यावा. रोज दवाखाना बंद करताना त्या दिवसाचे काम जतन करून यंत्र रीतसर बंद करावे. आठवड्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर प्रत करून ती कपाटात ठेवावी. महिन्यातून एकदा कुलूपबंद प्रत महाजालावर चढवावी, एक फाइल उघडून पाहावी आणि डिस्कची प्रकृती तपासावी. ऋतुबदलाला धूळ काढावी. याला आठवड्याला अर्धा तास पुरतो आणि खर्च होतो तो एका हार्ड डिस्कचा.

त्या आजी आजही येतात. त्यांच्या पत्रकाची पहिली ओळ 'वर्ज्य : भल्लातक' अशी आहे. ती संगणकात आहे, कपाटातील डिस्कवर आहे, महाजालावर आहे. आणि वडिलांच्या सवयीला मान देऊन मी ती त्यांच्या लाल वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर शाईनेही लिहून ठेवली आहे.